पावावरची बुरशी



बरेच दिवस काही लिहिलं नाही. दोघा-तिघांनी फोन करून "तब्येत बरी आहे ना?" असंही विचारलं. तब्येत उत्तम आहे. एक विषय मनात होता आणि तो लिहिल्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं, आणि तो लिहायचा धीरही होत नव्हता. असो.

झालं असं की नातवाला शाळेतून प्रकल्प मिळाला. पावाचा तुकडा पाण्यानं ओलसर करायचा, डबीत झाकून ठेवायचा आणि रोज काय दिसतं ते वहीत लिहायचं. तिसऱ्या दिवशी पावावर पिंजलेल्या कापसासारखं पांढरं जाळं आलं. पाचव्या दिवशी त्यावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके. स्वारी खूश! डबी माझ्या नाकाशी आणून म्हणाला, "आजोबा, हा बघा ऱ्हायझोपस."

मी झाकण लावलं आणि डबी उचलून अंगणात, तुळशीच्याही पलीकडे नेऊन ठेवली. पोरगं बघतच राहिलं. त्याला त्या नावाचं काय माहीत! आमच्या घरात २०२१ च्या मे महिन्यात ते नाव डॉक्टरांच्या कागदावर आलं होतं. त्याच्या धाकट्या आजोबांचा, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा उजवा डोळा त्या बुरशीपायी गेला.

मी इतिहासाचा मास्तर. बी.ए. मराठी माध्यमातून, आणि विज्ञानाच्या तासाला स्टाफरूममध्ये चहा पिणाऱ्यांपैकी. पण इतिहासाच्या माणसाला "हे आलं कुठून?" हा प्रश्न सोडवत नाही. माझी पुतणी नागपूरला औषधशास्त्र शिकवते. तिला फोन करकरून मी हैराण केलं आणि तिनं सांगितलेलं पुस्तकांतून पडताळत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो. सुरुवात मात्र माझ्याच डोळ्यापासून करावी लागेल.

१९८३ चा उन्हाळा. दहावीचे पेपर तपासायला बसलो होतो. डावा डोळा लाल झाला. आधी वाटलं डोळे आले. पण चिकटा नाही, पाणी मात्र वाहतंय, आणि उजेडाकडे बघवत नाही. अचलपूरच्या मे महिन्यात उजेड टाळणार कुठे? दुसऱ्या दिवशी डोळ्यावर ओला रुमाल बांधून एस.टी.नं अमरावती गाठली. डॉक्टर म्हणाले, बुबुळाच्या पडद्याला आतून सूज आहे, आणखी चार दिवस थांबला असतात तर तो पडदा मागच्या भिंगाला चिकटून बसला असता. दोन बाटल्या दिल्या. एक बाहुली मोठी करणारी. दुसरी स्टिरॉइडची, दर तासाला एक थेंब. तिसऱ्या दिवशी ठणका गेला, दहाव्या दिवशी मी उरलेले पेपर तपासले. (त्या वर्षीच्या मुलांना गुण जरा सढळ पडले असावेत!)

निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "गुरुजी, हे थेंब मनानं घालायचे नाहीत. डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदू होतो." मी मान डोलावली. पण मनात ठसलं ते दुसरंच: या औषधानं माझा डोळा वाचवला. पुढची सगळी हकिगत या वाक्यामुळे घडली.

हे औषध येण्याआधी अशा डोळ्याचं काय करीत? पुतणीनं सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसेना. रोग्याला टायफॉइडची लस शिरेतून टोचून मुद्दाम ताप आणीत. तापानं डोळ्याची सूज कधी उतरे, कधी उतरत नसे. १९५० च्या सुमारास डोळ्यात कॉर्टिझोन घालून पाहिलं गेलं आणि ते तापाचे उपचार हळूहळू मागे पडले. पण त्याच दशकात डॉक्टरांच्या लक्षात आलं की काहींच्या डोळ्यातला दाब याच थेंबांनी वाढतो. १९६० साली स्टिरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्या संधिवाताच्या रोग्यांत मोतीबिंदू आढळल्याची नोंद झाली. म्हणजे माझ्या अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलेलं जुनंच ज्ञान होतं. आम्ही ऐकलं नाही, इतकंच.

आता कॉर्टिझोनची जन्मकथा. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. तिच्यातले रस वेगळे काढायचं काम १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल आणि स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश राइखश्टाइन करीत होते. केंडलचे मित्र फिलिप हेंच हे संधिवाताचे डॉक्टर. त्यांनी १९२९ मध्येच पाहिलं होतं की कावीळ झाली की काही रोग्यांचे सांधे मोकळे होतात. गरोदर बायकांचंही तेच. शरीरातच काहीतरी आहे जे सूज उतरवतं, हा त्यांचा ध्यास. महायुद्धात अफवा उठली की जर्मन वैमानिक या ग्रंथीचा अर्क घेऊन फार उंचावर विमानं नेतात. अफवा खोटी होती, पण तिच्यामुळे अमेरिकी सरकारनं या संशोधनाला जोर दिला. (इतिहासात खोट्या बातम्यांनी केलेली कामं मोजायला बसलं तर एक वेगळा लेख होईल.)

२१ सप्टेंबर १९४८ ला हेंच यांनी संधिवातानं जखडलेल्या एका २९ वर्षांच्या बाईला पहिलं इंजेक्शन दिलं. आठवड्यात ती बाई उठून चालत बाजारात गेली आणि तीन तास खरेदी करून आली. १९५० साली हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. इतक्या लवकर नोबेल क्वचितच मिळतं.

पण औषध होतं कुठे? मर्क कंपनीतल्या लुइस सॅरेट यांनी ते बैलाच्या पित्तापासून बनवलं होतं. तीसच्या वर पायऱ्या. एक किलो कॉर्टिझोनसाठी पित्तातून काढलेलं ६१५ किलो आम्ल लागे. भाव ग्रॅमला २०० डॉलर. म्हणजे बाजारात गेलेल्या त्या बाईसारखं कुणाला रोज चालायचं असेल तर कत्तलखानेच्या कत्तलखाने तिच्या दिमतीला हवेत.

अडचण कुठे होती ते पुतणीनं मला वाड्याचं उदाहरण देऊन समजावलं. या औषधाचा रेणू म्हणजे एकमेकींना लागून चार चौकांचा वाडा समजा. खोल्यांना क्रमांक आहेत. अकराव्या खोलीत ऑक्सिजनची खुंटी ठोकली तरच औषध लागू पडतं. पण त्या खोलीला दारच नाही. भोवतालच्या भिंती पाडून, खुंटी ठोकून, भिंती पुन्हा बांधायच्या, यातच त्या तीस पायऱ्यांमधल्या कितीतरी जात.

वाड्याचं बाकीचं बांधकाम स्वस्तात मिळायची सोय झाली होती. रसेल मार्कर नावाच्या एका तऱ्हेवाईक प्राध्यापकानं मेक्सिकोच्या जंगलात एक रानकंद शोधला, आपल्या कोनफळाच्याच कुळातला. त्यापासून त्यानं प्रोजेस्टेरॉन बनवलं, १९४४ मध्ये मेक्सिको सिटीत सिंटेक्स ही कंपनी उभी केली आणि वर्षभरात भांडून बाहेरही पडला. दुसरीकडे शिकागोत पर्सी ज्युलियन हे कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ, गुलामांचे नातू, सोयाबीनच्या तेलावर काम करीत होते. तेलाच्या टाकीत पाणी शिरलं, सगळ्यांना वाटलं माल गेला, आणि तळाशी पांढरा साका बसला. त्या साक्यातलं द्रव्य स्टिरॉइड बनवायला उपयोगी होतं. सोयाबीन! आमच्याकडे ते पीक आलं तेव्हा तेल आणि ढेप यापलीकडे त्याचं काही होतं हे कुणाच्या गावी नव्हतं.

उरली अकरावी खोली. ती उघडली अमेरिकेतल्या कॅलामाझू गावी, अपजॉन कंपनीतल्या ड्युरी पीटरसन आणि हर्बर्ट मरे यांनी. जे दोनशे रसायनज्ञांना साधत नाही ते एखाद्या जंतूला सहज येत असेल, असा त्यांचा विचार. प्रयोगशाळेच्या खिडकीत त्यांनी पोषक लेप लावलेली बशी उघडी ठेवली असं सांगतात. हवेतून जे येईल ते येवो. आली ती बुरशी. तिला प्रोजेस्टेरॉन खायला घातलं, तर तिनं एका दमात अकराव्या खोलीत खुंटी ठोकून दिली. हे प्रसिद्ध झालं १९५२ मध्ये. बुरशीचं नाव ऱ्हायझोपस अऱ्हायझस. पुढे तिचीच बहीण ऱ्हायझोपस नायग्रिकन्स अधिक भरघोस काम करते असं दिसलं. ही बहीण म्हणजे पावावरची साधी बुरशी, नातवाच्या डबीतली. भाव २०० डॉलरवरून ६ डॉलरवर आला. आज कारखान्यांत इतरही वाटा आहेत, पण हे औषध गरिबाच्या आवाक्यात आणलं ते या खिडकीतल्या पाहुणीनं.

आणि ऱ्हायझोपस अऱ्हायझस हीच म्युकरमायकोसिसची आपल्याकडची सर्वांत मोठी गुन्हेगार आहे. हे वाक्य वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

थांबा, धाकट्याकडे येण्याआधी आईच्या हातांबद्दल दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण घरात या औषधाचा प्रवेश डोळ्यातून नाही, तिच्या हातांतून झाला होता. त्वचेवर कॉर्टिझोनचं मलम चोळून उपयोग होत नव्हता. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सुल्झबर्गर आणि विटन यांनी त्याच्या भावंडाचं, हायड्रोकॉर्टिझोनचं मलम लावून पाहिलं आणि इसब बरं झालं. पुढच्या दहा-बारा वर्षांत त्याहून कितीतरी पट जहाल मलमं आली. ती किती जहाल हे मोजायची युक्ती १९६२ मध्ये मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी शोधली. हाताच्या कातडीवर औषध लावायचं आणि कातडी किती पांढरी पडते ते बघायचं. रक्तवाहिन्या आवळल्या की कातडी फिकी पडते. जितकी पांढरी तितकं औषध जोरदार.

आईला राखेनं भांडी घासून हातांना इसब झालेलं. कडुनिंब, करंजाचं तेल, सगळं करून झालं. मग कुणीतरी एक ट्यूब आणून दिली. आठ दिवसांत हात स्वच्छ! त्या दिवसापासून ती ट्यूब देव्हाऱ्याखालच्या फडताळात राहिली. भाजलं, लाव ती ट्यूब. गांधीलमाशी चावली, लाव. आईनं वीस वर्षं ती लावली. शेवटी तिच्या हातांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती, नुसतं कडीला घासलं तरी फाटायची. आम्ही म्हणायचो, वय झालं.

आज आमच्या परतवाड्यात काय किंवा कुठल्याही गावात काय, नायट्यावर आणि चेहरा उजळण्यासाठी अशाच ट्यूबा विकत घेतल्या जातात. जी पांढरेपणाची चाचणी प्रयोगशाळेत औषधाचा जोर मोजायला होती, तीच बाजारात गुण ठरली. नायट्याची खाज थांबते, नायटा आतून पसरत राहतो. गालांवर लाली, केस, पुटकुळ्या येतात, आणि सोडलं की आग होते म्हणून मुली पुन्हा तेच लावतात. कोलकात्याच्या डॉ. कौशिक लाहिरी आणि डॉ. अरिजित कुंडू यांनी २००८ मध्ये या बिघडलेल्या चेहऱ्याला वेगळं नावच दिलं. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं पाठपुरावा केला आणि २०१८ मध्ये सरकारनं १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. कागदावर मनाई आहे. माझ्या ओळखीच्या एका मुलीच्या लग्नाच्या आधी तिच्या आईनं तशी ट्यूब आणली तेव्हा मी बोललो, आणि वाईट झालो. असो.

आता २०२१.

आठवतं ना, दुसरी लाट सगळ्या महाराष्ट्राच्या आधी आमच्याकडे आली. २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती आणि अचलपूर बंद. टीव्हीवर आमच्या गावाचं नाव ऐकून आधी गंमत वाटली, नंतर वाटेनाशी झाली. त्याच्या आदल्या वर्षी, १६ जून २०२० ला, ऑक्सफर्डच्या रिकव्हरी नावाच्या चाचणीचा निकाल आला होता. डेक्सामेथासोन हे १९५८ सालचं जुनं, स्वस्त स्टिरॉइड. दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रोग्यांतले मृत्यू एक तृतीयांशानं घटले, ऑक्सिजनवरच्यांतले एक पंचमांशानं. बिनऑक्सिजनवाल्यांना मात्र काही फायदा नाही, उलट नुकसानीची शंका. ही शेवटची ओळ मी तेव्हा वाचली नव्हती. खूप जणांनी वाचली नव्हती.

धाकटा शेतकरी माणूस, आमच्या गावाजवळच त्याचा संत्र्याचा छोटा बगीचा आणि सोयाबीनचं रान. एप्रिलमध्ये त्याला ताप आला. बोटाला लावायच्या यंत्रात ९५-९६ दिसायचे. दवाखान्यात खाट नाही, डॉक्टर फोनवर मिळेनात. कुणाच्या तरी चिठ्ठीचा फोटो मोबाईलवरून फिरत फिरत आमच्यापर्यंत आला, त्यात या गोळ्या होत्या. पुतण्यानं आणल्या. तिसऱ्या दिवशी ताप गेला, भूक लागली, गडी उठून बसला. पट्टी संपली तशी गळून गेल्यासारखं वाटू लागलं. वहिनी म्हणाली, आता पुरे. मी म्हणालो, "काही होत नाही. माझा डोळा याच औषधानं वाचला आहे." आणि दुसरी पट्टी मी स्वतः जाऊन आणली.

त्याची साखर आधीच काठावर होती. स्टिरॉइडनं ती चढते. कुणी तपासली नाही. शरीराचे पहारेकरी त्याच गोळ्यांनी गुंगलेले, रक्तात साखर, आणि हवेत तर ऱ्हायझोपस बारा महिने असतोच. आपण सगळे रोज श्वासाबरोबर तो आत घेतो, आणि एरवी काही होत नाही.

आधी उजवा गाल जड झाला. मग दात दुखतो म्हणाला. मग एक दिवस म्हणाला, मले दोन-दोन दिसून राह्यले. पापणी खाली आली. अमरावतीहून नागपूरला नेलं तोवर टाळूवर काळा डाग होता. बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते आणि पुढचा भाग मरून काळा पडतो, म्हणून ती "काळी". डॉक्टर म्हणाले, डोळा ठेवला तर मेंदूकडे जाईल. सही मी केली.

ॲम्फोटेरिसिनची इंजेक्शनं मिळत नव्हती. पुतण्या त्या दिवसांत मोबाईल हातात घेऊनच झोपायचा. मे महिन्याच्या अखेरीस आपल्याच वर्ध्याच्या जेनेटिक लाइफसायन्सेस या कंपनीनं ते औषध बनवायला घेतलं, १२०० रुपयांत. केंद्र सरकारनं २८ जूनला आकडे दिले: देशात ४०,८४५ रोगी, ३,१२९ मृत्यू. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांनी, २१,५२३ जणांनी, स्टिरॉइड घेतलं होतं. या आकड्यात धाकटाही असेल. पण मृत्यूंच्या रकान्यात नाही, हे आमचं नशीब.

तो आज शेतात जातो. काळा चष्मा लावतो. उजव्या बाजूनं कुणी आलं तर दचकतो, म्हणून आम्ही सगळे त्याच्या डावीकडे बसतो.

दुसऱ्या पट्टीची गोष्ट मी त्याच्याजवळ कधीच काढली नव्हती. तो तापात होता, वहिनीनं कधी विषय काढला नाही, मीही काढला नाही. पण इथे नातेवाईक वाचतात. त्यांना माझ्या लेखातून कळावं आणि त्याला दुसऱ्याकडून, हे बरं दिसलं नसतं. म्हणून गेल्या रविवारी त्याच्या घरी गेलो. डावीकडे बसलो. आधी ही खिडकीची, कंदाची, सोयाबीनची सगळी कथा सांगितली, मास्तरासारखी, फार लांबवून. मग पट्टीचं सांगितलं.

तो म्हणाला, "मले मालूम आहे ना दादा. गोया तूच आणल्या होत्या. पिशवी तुही होती."

मी काही बोललो नाही. वहिनीनं चहा ठेवला. जरा वेळानं त्यानंच विचारलं, "पण त्या अमेरिकेतल्या कंपनीले सोयाबीन कोन्या भावानं पडत होतं रे?"

ते कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही, म्हणालो. "यंदा सरकारी भाव हाये, पण बाजारात त्याच्या खालीच घेऊन राह्यले," तो म्हणाला, आणि मग आम्ही बराच वेळ तेच बोलत बसलो.